खमस सबैन मया व अलफ

गोव्यात पेडण्याला माझ्या आजोळच्या घराची कौलं उतरवायची ठरली तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात जुन्या पावत्या होत्या, पोर्तुगीज शिक्क्याचे काही कागद होते आणि तळाशी मळक्या फडक्यात गुंडाळलेली मोडीतली सात पत्रं. मामाने पेटी सरळ माझ्या हातात दिली. "तुला मोडी येते ना? मग वाच आणि सांग आम्हाला."

मोडी मला येते ती कामचलाऊ. मी डिचोलीत मराठी शाळेत शिकवते. शाळा बंद होत्या त्या वर्षी घरी बसून मोडीचा वर्ग केला, मग पुराभिलेखातल्या कागदांच्या छायाप्रती वाचून हात बसवला. सातांपैकी सहा पत्रांना वाळवीने अर्धंअधिक खाल्लं होतं. सातवं मात्र जवळजवळ धड होतं. मजकूर साधा. सरदाचं भात खळ्यावर येऊन पडलं आहे, तीन खंडी मापून ठेवलं आहे, माणूस पाठवून न्यावं, उशीर केल्यास नासाडी होईल, तिचा बोल आम्हांस नाही. शेवटी 'बहुत काय लिहिणें'. आणि त्याच्याखाली एक ओळ, तिने मला पुढचे चार महिने झोपू दिलं नाही:

'छ १२ रमजान सन खमस सबैन मया व अलफ.'

ओळीतलं अक्षर न् अक्षर लागत होतं. 'छ' म्हणजे चंद्र, महिन्यातला कितवा दिवस ते सांगायची खूण, एवढं वर्गात शिकले होते. रमजान तर कुणालाही कळेल. पुढचे शब्द अरबी आकडे आहेत हेही माहीत होतं, पण कोणता शब्द म्हणजे किती, ते डोक्यात पक्कं बसलेलं नव्हतं. आमच्या मोडीच्या वर्गात सगळा जोर अक्षरांवर होता. कालगणनेसाठी एकच तास मिळाला आणि तोही घाईघाईत उरकला.

आमच्या आळीत चाचा राहतात. आयुष्यभर शिवणकाम केलं. आता नजर कमी झाली म्हणून दुकान मुलाकडे दिलंय आणि संध्याकाळी आळीतल्या पोरांना कुराण वाचायला शिकवतात. माझ्या लग्नातल्या सगळ्या चोळ्या त्यांच्या हातच्या. ओळ एका चिठ्ठीवर देवनागरीत उतरवून त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चिठ्ठी दूर धरली आणि मला मोठ्याने वाचायला सांगितलं.

"खमस सबैन मया व अलफ," मी वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. त्यांचे ओठ हलले. मग बोटं मोजत म्हणाले, "खम्स म्हणजे पाच. सब्ईन सत्तर. मिअत शंभर, अल्फ हजार. बाय, हे तर अकराशे पंच्याहत्तर झाले! हे कोणी लिहिलंय?"

"माझ्या आजोळच्यांना आलेलं पत्र आहे. मराठीतलं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही पोरांना हेच आकडे शिकवतो. आधी पाच, मग सत्तर. तुम्हीपण तसंच म्हणता, पंच्याहत्तर. इंग्रजीत उलटं."

त्या दिवशी त्यांच्या सोप्यावर बसूनच मी सगळे शब्द लिहून घेतले. त्यांनी अरबी उच्चार सांगायचा, मी शेजारी आपल्या दप्तरातलं रूप लिहायचं. इहदा आपल्याकडे इहिदे झाला, इस्नैन इसन्ने झाला. सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे थोड्याफार फरकाने तसेच राहिले. अशर म्हणजे दहा, अशरीन वीस, मग सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. महिन्यांचंही तेच: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, शाबान, रमजान, सव्वाल, जिल्काद, जिल्हेज. शेकडो वर्षं आमच्या कारकुनांच्या बोरूखालून हे शब्द गेले होते. 'जमादिलाखर' या शब्दाला मराठी नाकडोळे कसे फुटलेत ते बघा. मूळ शब्द दोन वेगळे आहेत, जुमादा आणि आखिर. आपल्या माणसांनी ऐकलं तसं जोडून टाकलं.

इथवर सगळं सोपं होतं. चुकले मी पुढे.

सन ११७५ आहे आणि महिना रमजान आहे, म्हणजे हिजरी सन ११७५, असं मी गृहीत धरलं. हिजरी ११७५ इसवी १७६१च्या ऑगस्टात सुरू होतो. जंत्री काढून रमजानची १२ तारीख बघितली तर एप्रिल १७६२ आलं. त्याच रात्री मामाला फोन केला. पानिपतानंतर सव्वा वर्षाचा कागद! मामाला इतका आनंद झाला की त्याने गावच्या देवळाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहूनही दिली.

चूक मला दिसली ती शाळेत, चौथीच्या वर्गात. परिसर अभ्यासाच्या तासाला सरद आणि वायंगण शिकवत होते. सरदाचं भात पावसाचं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापायचं. वायंगण हिवाळ्यात लावायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचं. फळ्यावर 'सरद' लिहिलं आणि हात तिथेच थांबला. पत्रात सरदाचं भात खळ्यावर पडलेलं आहे. एप्रिलमध्ये सरदाचं भात खळ्यावर कसं असेल? ते तर कधीच कोठारात गेलेलं असणार.

त्या दिवशी घरी येऊन पुस्तकं पुन्हा उघडली आणि या वेळी घाई केली नाही. मराठी कागदांतला हा सन हिजरी नव्हेच. तो सुहूर सन, अरबी सनही म्हणतात त्याला. महंमद तुघलकाच्या काळात, इसवी १३४४च्या सुमाराला तो दख्खनेत चालू झाला. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं, ३५४ दिवसांचं. शेतसारा अशा वर्षाने घेणं अवघड, कारण पीक सूर्याच्या मागे येतं, चंद्राच्या नाही. वर्ष दर वेळी अकरा दिवस मागे सरकत गेलं तर काही वर्षांनी सारा मागायची वेळ पेरणीत येईल. म्हणून वर्ष सौर ठेवलं, मृग नक्षत्र लागलं की नवा सन. आपला शेतकरी मृगावर डोळा लावून बसतो, त्याच दिवसावर राज्याचं वर्ष बांधलं होतं. महिने आणि तारखा मात्र मुसलमानी चंद्राच्याच राहिल्या.

म्हणजे माझ्या हातातल्या ओळीत दोन पंचांगं होती. 'खमस सबैन मया व अलफ' हे सूर्याने चालणारं वर्ष आणि 'छ १२ रमजान' ही चंद्राने चालणारी तारीख. सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपतावर पडताळून पाहिलं. तो सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. लढाई जानेवारीतली, म्हणून ६०० मिळवले, १७६१ आले. बरोबर.

आता माझा कागद. ११७५ म्हणजे जून १७७४ ते जून १७७५. त्या काळात रमजान कधी येतो? हिजरी ११८८चा रमजान १७७४च्या नोव्हेंबरात, पहिल्या आठवड्यात सुरू होतो. बारावा चंद्र म्हणजे १६ किंवा १७ नोव्हेंबर. सरदाचं भात खळ्यावर.

कागदाचं वय बारा वर्षांनी कमी झालं, पण त्याला धड जागा मिळाली. तेव्हा पेडणे महाल सावंतवाडीकरांकडे होता, गादीवर तिसरे खेम सावंत. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं त्यानंतर, १७८८मध्ये. आणखी एक गोष्ट मनात घर करून राहिली. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला १६७४मध्ये. त्याला बरोबर शंभर वर्षं होऊन गेल्यावर पेडण्याच्या खळ्यावरचा एक कारकून भाताचा हिशेब कळवताना अजून 'रमजान' आणि 'मया व अलफ' लिहीत होता. त्याला ते परकं वाटत असेल असं मला वाटत नाही. त्याची तारीखच ती होती.

मामाला फोन करून चूक सांगितली. स्मरणिकेची पानं छपाईतून परत मागवावी लागली. तो वैतागला, आणि त्याचं बरोबरच होतं.

चाचांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते एका गोष्टीवर अडले. "११८८ आणि ११७५. हा तेरा वर्षांचा फरक कुठून आला?" कागदावर मांडून दाखवलं. १३४४मध्ये दोन्ही सनांचा आकडा एकच होता, ७४५. पुढे चारशे तीस वर्षांत चंद्राचं वर्ष दर साली अकरा दिवसांनी पुढे पळालं. साधारण तेहतीस वर्षांत एक वर्ष जास्तीचं होतं, तशी तेरा झाली. चाचा म्हणाले, "म्हणूनच मी लहानपणी भर पावसात रोजे धरलेत आणि कडक उन्हातही. रमजान सगळे मोसम फिरून येतो."

आपल्याकडे हे घडत नाही, कारण आपण अधिक महिना घालतो. साधारण दर तीन वर्षांनी एक महिना वाढवून चैत्राला चैत्राच्या जागी ओढून आणतो. इस्लामपूर्व अरबांमध्येही महिना वाढवायची, पुढे ढकलायची चाल होती. तिला नसी म्हणत. कुराणाच्या नवव्या सूरेत ती निषिद्ध ठरली. महिने बारा, त्यांतले चार पवित्र, त्यात माणसाने ढवळाढवळ करायची नाही. पुढे दुसरे खलिफा उमर यांच्या काळात वर्ष मोजायची सुरुवात हिजरतीपासून, म्हणजे इसवी ६२२मध्ये पैगंबर मक्केहून मदिनेला गेले तिथपासून धरायचं ठरलं. महिना न वाढवण्याच्या एवढ्या एका नियमाने माझ्या पत्रातली तारीख गुंतागुंतीची करून ठेवली होती. सुहूर सन हिजरी वर्षापेक्षा अकरा दिवस लांब, त्यामुळे काही तारखा एकाच सनात दोनदा येतात. सन खमस सबैनमध्ये रबिलावलचे शेवटचे आणि रबिलाखरचे पहिले काही दिवस तसे आहेत. माझ्या पत्रावर 'छ १ रबिलाखर' असतं तर ते १७७४च्या जूनचं की १७७५च्या जूनचं हे सनावरून कधीच ठरलं नसतं. भातावरूनच ठरवावं लागलं असतं.

हिशेब जुळला होता, पण मनाची खात्री होत नव्हती. जंत्रीतली तारीख गणिताने काढलेली असते. रमजान लागतो तो डोळ्यांनी चंद्र बघून. त्या कारकुनाने 'छ १२' लिहिलं ते कुणीतरी चंद्र बघितला होता म्हणून. तो एक दिवस इकडे की तिकडे हे मला समजून घ्यायचं होतं. चाचा म्हणाले, "मग रमजान येतोच आहे. वही घे आणि गच्चीवर ये."

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. शाबानची २९ तारीख. आपली फाल्गुन शुद्ध प्रतिपदा, अमावास्या त्याच दिवशी सकाळी संपली होती. चाचांच्या गच्चीवर आम्ही दहाबारा जण. पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसली होती. सूर्य खाली गेला, आभाळ आधी नारिंगी, मग राखाडी झालं. शुक्र ठसठशीत दिसत होता. चंद्र नाही. एका पोराने दिसला म्हणून ओरडून सगळ्यांना उठवलं, ती ढगाची कड निघाली. चाचा शांत होते. "आज त्याला जेमतेम अर्धा दिवस झालाय. इतका कोवळा दिसत नाही. २९ला दिसला नाही तर ३० पुरे करायचे, हुकूमच तसा आहे."

दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला, पुन्हा तिथेच. या वेळी शोधावं लागलं नाही. शुक्राच्या खाली, माडांच्या शेंड्यांच्या वर, नखाच्या टोकाएवढी पांढरी रेघ. दोन्ही टोकं वर वळलेली, मधे जेमतेम धाग्याएवढी जाड. चाचांनी दोन्ही तळवे उघडले आणि पुटपुटत दुआ केली. चाचींनी गच्चीच्या कठड्यावरून खाली हाक मारून शेजारणीला सांगितलं. चाचांचा मुलगा फोनवर होता, कुठून कुठून चंद्र दिसल्याच्या खबरा येत होत्या. मी वहीत लिहिलं: द्वितीया, चंद्रदर्शन. छ १ आज सूर्यास्तापासून.

ही 'सूर्यास्तापासून' गोष्ट मला तोवर नीटशी उमजली नव्हती. त्यांचा दिवस मावळतीला सुरू होतो. म्हणून आदल्या रात्री तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज आणि मग पहिला रोजा. दिवेलागणीनंतर कुणी पत्र लिहायला बसलं असेल तर त्याचा चंद्र आपल्या हिशेबापेक्षा एकाने पुढचा. माझ्या कागदाची तारीख १६ की १७ नोव्हेंबर, हा घोळ त्यामुळेही राहतो. मी तो तसाच ठेवायचं ठरवलं.

महिनाभर रोज रात्री वहीत दोन आकडे लिहिले, आपली तिथी आणि त्यांचा चंद्र. तिथी एकदोनाने पुढे असायची, कारण आपण अमावास्या संपली की मोजतो आणि ते दिसला की मोजतात. पानिपतच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. हिशेबाने तो जमादिलाखरचा सातवा चंद्र. पूर्वी हे मी पाठ करायचे. आता डोळ्यांसमोर दिसतं, कारण त्या एका दिवसाच्या अंतरात मी गच्चीवर उभी राहिले आहे.

छ १२ रमजान आला १३ मार्चला, गुरुवारी. होळी पौर्णिमा. आळीच्या तोंडाशी होळी उभी करायची गडबड, घुमट वाद्य तापवून ताणलेलं, ढोलांचा आवाज. सहा वाजून गेल्यावर चाचींच्या घरातून भज्यांचा वास यायला लागला. बांग झाली तसे इकडचे ढोल थोडा वेळ थांबले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, दरवर्षीचे वाजवणारे तेच, त्यांना वेळ माहीत. मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा चाचा खजूर तोंडात टाकून पाणी पीत होते. पूर्वेला चंद्र वर आला होता, भरलेला. मी म्हटलं, "चाचा, आज बारावा रोजा. पत्रातला."

ते उठून दारात आले. "म्हणजे त्याने लिहिलं तेव्हा एवढाच होता," म्हणाले.

एवढाच होता. १७७४चा बारावा रमजान कार्तिक शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडतो. नुकतंच तुळशीचं लग्न झालेलं, आमच्याकडे जिला व्हडली दिवाळी म्हणतात ती. पेडण्याच्या अंगणांत ऊस आणि चिंचेच्या डहाळ्या अजून सुकल्या नसतील. त्या साली रमजानचा पहिला चंद्र दिसला तो भाऊबिजेच्या सुमाराला. आमच्या बायका भावाला ओवाळण्याआधी द्वितीयेच्या चंद्राला ओवाळतात. त्या संध्याकाळी पेडण्यात कुठल्याशा अंगणात माझ्या आजोळची एखादी बाई निरांजन घेऊन चंद्र शोधत असेल आणि दोन घरं सोडून कुणी रोजा लागणार म्हणून तोच शोधत असेल. याला पुरावा नाही. तिथी आणि चंद्र जुळतात एवढंच मी सांगू शकते.

डिचोलीत नमाजगाह आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहाजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता आणि काही काळ डिचोलीत राहिला, त्याच्याशी तिचं नाव जोडलं जातं. लहानपणापासून तिच्यावरून जाते-येते. आता जाताना मनात येतं की त्या काळात आमच्या गावात तारीख विचारली असती तर मराठा शिलेदार आणि मोगल शहाजादा, दोघांनीही तोच चंद्र सांगितला असता.

ईदचा चंद्र दिसला ३० मार्चला. त्या दिवशी संवसार पाडवो, गुढीपाडवा. माझी गुढी सकाळपासून उभी होती, ती सूर्यास्ताला उतरवली आणि कलश हातात घेऊनच वर गेले. रोजे एकोणतीसच झाले. चंद्र दिसला तसं चाचींनी मला मिठी मारली, त्यांच्या तळव्यावरची मेंदी अजून ओली होती, माझ्या साडीवर डाग पडला. तो अजून गेलेला नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मूळ पत्र घेऊन चाचांकडे गेले. तोवर त्यांनी फक्त माझी चिठ्ठी पाहिली होती. कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून त्यांच्या पुढ्यात पसरला. त्यांना मोडी येत नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी कागदाला न लावता बोट वरून फिरवलं, शिंपी कापडाची वीण बघतो तसं, आणि 'अलफ'च्या शेवटच्या फराट्यापाशी थांबले.

मी बरोबर एक कोरं पाकीट नेलं होतं, पत्र त्यात ठेवून मामाकडे परत द्यायचं म्हणून. त्यावर मी लिहिलं: छ १२ रमजान, सुहूर सन ११७५, कार्तिक शुद्ध, शके १६९६, नोव्हेंबर १७७४. चाचांनी माझ्या हातातून पेन घेतलं, चष्मा खाली ओढला आणि त्याच्याखाली उजवीकडून डावीकडे 'हिजरी' लिहून आपल्या अंकांत ११८८ घातले. शाई वाळेपर्यंत पाकीट त्यांनी पंख्यापासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.